दुसरी व्यक्ती आढळली

"परीक्षा? मला? अरे, परीक्षा घेणाऱ्याचीच परीक्षा घेऊन सोडीन मी!"

असं म्हणून नरहरी कंधारकरने ताटातली भाकरी अशी काही मोडली, की जणू ती भाकरी नसून परीक्षा घेणारी संस्थाच असावी. शारदाने मुकाट्याने आमटी वाढली. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायका अशा वेळी आमटीच वाढतात.

रागावायला कारण होतं, आणि खरं सांगतो, चांगलं सज्जड कारण होतं. नरहरीचं काम मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं. म्हणजे असं, की अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासतो आणि काय सापडलं ते यंत्रात भराभर बोलून मोकळा होतो. ते इकडे हिंजवडीच्या आयटी पार्कजवळच्या जांबे गावात बसून नरहरी हेडफोन लावून ऐकतो आणि टाइप करतो. डॉक्टर जेवताना बोलतो, जांभया देत बोलतो, मध्येच पोरांवर ओरडतो. त्यातलं जेवण, जांभई आणि पोरं वगळून नेमका आजार तेवढा टिपायचा! त्यासाठी पायाखाली एक पेडल असतं. दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद, टाच दाबली की मागे. वीस वर्षं नरहरीचा पाय त्या पेडलवर होता. देवळातसुद्धा कीर्तनकार फार भरभर बोलायला लागला, की नरहरीचा पाय आपोआप उचलला जायचा.

मग मशीन आलं. आता डॉक्टर बोलतो ते मशीनच लिहितं आणि माणसाने ते फक्त तपासायचं. मशीन वाटेल ते लिहितं. एकदा तर त्याने गुडघेदुखीच्या एका आजोबांना गरोदर ठरवलं होतं! नरहरीने त्यांची वेळीच सुटका केली म्हणून बरं.

आणि अशा माणसाला कंपनीच्या मृण्मयीचा फोन यावा? मृण्मयी म्हणजे एचआर. आवाज असा गोड, की वाईट बातमीसुद्धा प्रसादासारखी हातावर ठेवते.

"सर, क्लायंटचं नवीन धोरण आहे. तपासणारे सगळे प्रमाणित हवेत. अमेरिकेतल्या संस्थेची परीक्षा द्यायची, घरूनच."

"आणि मशीन?"

"मशीनचं काय, सर?"

"त्याच्याकडे आहे का प्रमाणपत्र?"

"सर, ते मशीन आहे."

"म्हणजे आजोबांना गरोदर करणाऱ्याला परीक्षा नाही, आणि त्यांना सोडवणाऱ्याला परीक्षा! वा रे न्याय!"

"महिनाअखेरपर्यंत, सर. नाहीतर तुमचं लॉगिन बंद होईल. माझ्या हातात काही नाही हो."

लॉगिन बंद म्हणजे काम बंद. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हिंजवडीत दुसरं काम कोण देतो? तिथे पस्तिशीच्या माणसालाही काका म्हणतात. नरहरीचा घास तिथेच अडकला होता. पण माणूस पोटातली भीती तोंडावर येऊ देत नाही, तिच्याऐवजी राग पुढे करतो. नरहरीने तर भरपूर केला.

त्यात भिंतीवरून अण्णासाहेब बघत होते.

अण्णासाहेब म्हणजे नरहरीचे कैलासवासी वडील. वसमतच्या शाळेत मास्तर होते. काळी टोपी, मिटलेले ओठ आणि समोरच्याचा गृहपाठ झालेला नाही हे आधीच ठाऊक असलेली नजर. फोटोला चंदनाचा हार होता, पण त्याने नजर काही नरम झाली नव्हती. नाक, डोळे, कपाळ सगळं नरहरीने त्यांचंच उचललेलं. घेतलं नव्हतं ते फक्त मत. नरहरी हे काम करतो म्हटल्यावर अण्णासाहेब म्हणाले होते, "दुसऱ्याने बोलायचं आणि आपण लिहायचं? हे तर माझी चौथीची पोरं श्रुतलेखनाच्या तासाला करतात. याला काय पेशा म्हणतात?" आणि हे मत मागे न घेताच ते गेले. नरहरीला त्या परीक्षेहून जास्त राग या गोष्टीचा होता, की अण्णासाहेबांनी भिंतीवरून मृण्मयीचा फोन ऐकला.

परीक्षेआधी चाचणी होती. घरच्या संगणकाचा कॅमेरा, आवाज सगळं नीट चालतं का ते बघायचं. नियम तर असे, की जेलमधला कैदी वाचून म्हणेल, आमचं बरं आहे! खोलीत दुसरं माणूस नको. दार बंद हवं. फोन खोलीबाहेर. तोंडाने पुटपुटायचं नाही. मान वळवायची नाही. नजर पडद्यावरून हलली तर परीक्षा रद्द!

"श्वास घ्यायला तरी परवानगी आहे का?" नरहरी ओरडला.

"बघा खाली बारीक अक्षरात लिहिलं असेल," शारदा आतून म्हणाली.

पडद्यावर अक्षरं आली, 'नोंदणीसाठी आपला फोटो घेत आहोत. हलू नका.' नेमकी तेव्हाच चार्जरची वायर निसटली. नरहरी टेबलाखाली वाकून ती चाचपडत असताना वर क्लिक् असा आवाज झाला. तो बाहेर आला तेव्हा 'नोंदणी पूर्ण, धन्यवाद' असं झळकत होतं. इतकं झटपट काम पाहून नरहरीला जरा बरंही वाटलं. पण लगेच लाल पट्टी आली.

'दुसरी व्यक्ती आढळली.'

नरहरीने मागे पाहिलं. कुणी नव्हतं. पडद्यावर पाहिलं, तर अण्णासाहेबांच्या तोंडाभोवती हिरवी चौकट!

"अगं ए! हे यंत्र अण्णासाहेबांना माणूस समजतंय!"

"माणूसच होते ते," शारदा म्हणाली.

नरहरीने टेबल फिरवून कॅमेरा दुसऱ्या भिंतीकडे केला. तिथे देव होते. खंडोबा, म्हाळसा, बाणाई. यंत्राने तिघांनाही एकेक चौकट घातली आणि 'अनेक व्यक्ती आढळल्या' म्हणून किंचाळायला लागलं. घोड्याला तेवढं सोडलं. घोडा उत्तरं सांगणार नाही याची त्याला खात्री असावी!

"खंडोबा मला कॉपी पुरवणार?" नरहरी म्हणाला. "साक्षात जेजुरीचा देव? अरे, त्याला त्यापेक्षा बरी कामं आहेत!"

पण राग एकीकडे आणि लॉगिन एकीकडे. रविवारी सकाळी परीक्षा होती, आणि तोवर भिंती मोकळ्या करणं भाग होतं. घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. देव हलवायचे कुठे? स्वयंपाकघराला दार नव्हतं, तिथे ठेवले तर कॅमेऱ्याला दिसणार. न्हाणीघरात देव ठेवायचं नरहरीने सुचवलं, तेव्हा शारदाने त्याच्याकडे असं पाहिलं, की अण्णासाहेबांची नजर त्यापुढे मवाळ वाटावी.

"वरती मावशींकडे ठेवू या," तो चाचरत म्हणाला.

मावशी म्हणजे घरमालकीण सारजाबाई. जांब्यात जमीन गेली, पैसा आला, त्यातून तीन मजले उभे राहिले आणि त्यात हिंजवडीचे भाडेकरू भरले. पण सारजाबाई होत्या तशाच राहिल्या, अंगणात चूल आणि तोंडात गाव. नऊ वर्षांत त्यांनी नरहरी-शारदाला भाडेकरू म्हणून कधी वागवलंच नाही. कैऱ्या आल्या की शारदाकडे, भांडण झालं की शारदाकडे.

"रविवारी?" शारदा कुजबुजली. "रविवारी त्यांच्याकडे मटण असतं. आपले देव कसे ठेवायचे?"

"मग तसं सांग त्यांना."

"काय सांगू? तुमचं घर आमच्या देवांना चालत नाही म्हणून? ज्या बाईने माझं बाळंतपण केल्यासारखी माझी कावीळ काढली, तिला हे सांगू? त्यापेक्षा मी पौडला रूपालीकडे नेते. मावशींना कळायलाही नको."

रूपाली म्हणजे शारदाची मावसबहीण. बेत पक्का झाला. आणि मंडळी, मन राखायला म्हणून लपवलेली गोष्ट जेवढं रामायण घडवते, तेवढं भांडण करून सांगितलेली घडवत नाही!

रविवारी सकाळी शारदा निघाली. पिशवीत पदराखाली देव, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेले अण्णासाहेब, पर्समध्ये दोघांचे फोन. अंगणात सारजाबाई चुलीपुढे बसून मटणाचं वाटण परतत होत्या.

"कुटं गं, येवढ्या सकाळच्या पारी?"

"जरा... भाजी आणते, मावशी."

"आन् भाजीला टावेलात काय घेऊन चाललीस?"

"पिशवी."

नेमका तेव्हा टॉवेल सरकला आणि त्यातून चंदनाचा हार खाली लोंबला. सारजाबाईंनी हार पाहिला. मग टोपीचा कोपरा पाहिला. मग पदराखालची पिशवी पाहिली, तिच्यातून घंटेचा दांडा वर आला होता. शारदा फाटकाबाहेर पळाली.

आता सारजाबाईंच्या बाजूनेही बघायला हवं. घर बदलताना आधी देव जातात, सामान मागून जातं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्या घरातून देव गेले ते घर सुटलं. आणि इथे देव नुसते गेले नव्हते, पदराखालून गेले होते! पाठोपाठ वाडवडीलही गेले होते, टॉवेलमधून!

त्यांनी फोन लावला. पलीकडे शारदा.

"कुटं हायेस?"

"भाजीला, मावशी!"

आणि मागून टमटमवाला ओरडला, "पौड, पौड, पौड! सुटली बरं का!"

सारजाबाईंनी फोन ठेवला आणि मटणाखालचा जाळ कमी केला. एवढ्या वर्षांत त्यांनी मटणाखालचा जाळ कुणासाठीही कमी केलेला नव्हता.

इकडे खोलीत नरहरी ताठ बसला होता. दार बंद, कडीला मात्र हात लावायचा नाही असं शारदाने बजावलेलं. ती गंजलेली होती आणि एकदा अडकली की सुताराशिवाय निघत नसे. त्याने नुसतं लॅच ओढलं होतं. भिंतींवर जिथे जिथे देव आणि वडील होते, तिथे फिकट चौकोन उरले होते. पडद्यावरून परीक्षेवर पहारा ठेवणाऱ्या निरीक्षकाचा आवाज आला. नाव मायकेल, आणि इंग्रजी पार नाकातून.

"नोंदणीचा फोटो जुळवायचा आहे. कृपया चष्मा काढा. फोटोत चष्मा नाही."

नरहरीने काढला.

"ताठ बसा. आणखी ताठ. ओठ मिटा. जरा रागावून बघा."

"फोटोत मी रागावलेलो आहे?"

"फार."

ते मात्र नरहरीला अवघड नव्हतं. मशीनला परीक्षा नाही, आपल्याला आहे, एवढं नुसतं मनात आणलं आणि काम झालं. यंत्राने थोडी कुरकुर केली आणि शेवटी हिरवी खूण दाखवली. चेहरा जुळला!

परीक्षा सुरू झाली. पहिले प्रश्न नरहरीने लाह्या फुटाव्यात तसे उडवले. मग ऐकून लिहायचा भाग आला. कानात डॉक्टर बोलायला लागला, बोटं धावायला लागली. आणि दारावर थाप पडली.

"नरहरीभाऊ!"

नरहरीचा पाय उचलला गेला. वीस वर्षांची सवय, पाय उचलला की आवाज बंद. बंद झाला नाही. त्याने टाच दाबली. आवाज मागेही गेला नाही, उलट खिडकीजवळ आला.

"पाय कशावर आपटताय?" मायकेलने विचारलं.

'सवय,' नरहरीने टाइप करून कळवलं. बोलायला बंदी होती ना!

"आवं, मी हितं हाय! दार उगडा! तुमी आत हाय, मला ठावं हाय!"

नरहरी गप्प. मान वळवायची नाही, बोलायचं नाही. सारजाबाईंनी स्टूल आणून वरच्या झडपेतून आत पाहिलं. मोकळ्या भिंती! आणि मधोमध नरहरी, पुतळ्यासारखा. हाक मारली तर ढिम्म. समोर नुसतं रागारागाने बघतोय.

"आसं व्हय!" त्यांचा आवाज भरून आला आणि मग चढला. "बोलायबी तयार न्हाई! आरं, नऊ वर्सं पोटच्यावानी ठिवलं! जायाचं तर जा की, आमी काय दावणीला बांदलंय का? पर सांगून जा! देव चोरून न्ह्यायचं काय कारन? आमी काय तुमचं देव ठिवून घेनार हुतो?"

आत नरहरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कानात डॉक्टर मूतखड्याबद्दल सांगत होता. झडपेतून मावशी रडत होत्या. दोन्ही एकदम ऐकायचं, त्यातलं एकच लिहायचं आणि तोंड मिटून रागावलेलं ठेवायचं! सांगा, कुठल्या पेशात हे करावं लागतं?

दु:ख झालं की माणसं दोन प्रकारची होतात. काही झोपतात. सारजाबाईंनी भाच्याला फोन लावला. भाचा किशोर, गावातला खोल्यांचा एजंट. आणि जांब्यात खोली रिकामी होणार म्हटल्यावर गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ते हिंजवडीच्या चौकात उभंच असतं. डॉक्टरचा मूतखडा संपायच्या आत किशोर एका तरुण जोडप्याला घेऊन हजर झाला. दोघांच्या गळ्यात आयडी कार्डं, रविवार असूनही.

"आत्या, किल्ली."

आणि लॅचची दुसरी किल्ली सारजाबाईंच्या कमरेलाच होती!

दार उघडलं. नरहरीने मान वळवली नाही. पडद्यावर मात्र त्याच्या खांद्यामागून चार डोकी आली आणि यंत्राला फेफरं आलं. 'दुसरी व्यक्ती आढळली. तिसरी व्यक्ती आढळली.' प्रत्येकाभोवती एकेक चौकट! नरहरी ताठ, ओठ मिटलेले, बोटं चालू.

"हवा छान आहे," तरुणी म्हणाली. "हा पंखा राहणार?"

"राहनार," किशोर म्हणाला.

"टेबल?"

"इचारून सांगतो."

"आणि... हे काका?"

तरुणाने टेप काढून पलंगाचं माप घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी त्याला टेपचं एक टोक कुठेतरी धरायला हवं होतं. त्याने ते, "सर, प्लीज," म्हणून नरहरीच्या खांद्यावर टेकवलं.

झालं! नरहरी उठला. हेडफोन गळ्यात, चष्मा हातात, टेप खांद्यावर.

"बस्स!" तो गरजला. "काय चाललंय काय? मी माणूस आहे की फळी? वीस वर्षं दुसऱ्याचं ऐकतोय मी! डॉक्टरचं ऐकलं, कंपनीचं ऐकलं, मशीनचं ऐकलं! मशीनला कुणी विचारत नाही, मला विचारतात! माझ्या बापाला यंत्र दुसरी व्यक्ती म्हणतं! माझ्या देवाला कॉपीबहाद्दर ठरवतं! त्यांना घराबाहेर काढलं मी, या परीक्षेपायी! आज ती बुडाली तर उद्या माझं काम गेलं, आणि काम गेलं की ही खोलीसुद्धा द्यावी लागेल तुम्हाला! मग घ्या खुशाल मापं! मावशी, मी कुठेही चाललो नव्हतो! मी परीक्षा देत होतो!"

तरुणाने टेपचं टोक हळूच मागे ओढून घेतलं. आणि तेवढ्यात पडद्यावरून, नाकातून मुळीच नव्हे, स्वच्छ मराठीत आवाज आला,

"मावशी, खोलीचं भाडं काय आहे हो?"

सगळे पडद्याकडे वळले.

"ह्यो कोन?" सारजाबाईंनी विचारलं.

"माझा निरीक्षक," नरहरी म्हणाला. "मायकेल. अमेरिकेतला."

"मनीष, सर," मायकेल म्हणाला. "माणमध्ये राहतो. आमच्या कंपनीने नाव मायकेल दिलंय. मालकाने खोली सोडायला सांगितलीय, दोन महिने शोधतोय. मावशी, पाणी चोवीस तास येतं का?"

माण म्हणजे शेजारचंच गाव! ज्या अमेरिकेपुढे नरहरी सकाळपासून श्वास रोखून बसला होता, ती जांब्यापासून रिक्षाच्या अंतरावर बसून पाण्याची चौकशी करत होती.

"माझी परीक्षा गेली ना?" नरहरीने खुर्चीत बसत विचारलं. आता आवाजात राग नव्हता. घाबरलेला माणूस नुसता घाबरलेल्या आवाजात बोलत होता. सारजाबाईंनी तो आवाज ऐकला आणि डोळे पुसले.

"ए बाबा मनीषा," त्या पडद्याजवळ गेल्या. "चूक माजी हाय. ह्येंचं काम जाऊ दिऊ नगंस. पायजे तर मला नापास कर."

"बघतो, मावशी. लाइट गेली म्हणून थांबवली असं लिहितो. आपल्या मुळशी तालुक्यातून आलेलं ते कारण कुणी तपासतसुद्धा नाही. हा शेवटचा भाग सर पुन्हा देतील. पण आता खोलीत कुणी नको. आणि किशोरभाऊंचा नंबर तेवढा..."

किशोरने नंबर सांगितला. ते जोडपं मात्र मनीषकडे असं बघत होतं, जणू त्याने त्यांच्या ताटातली पोळी उचलली.

"पर देव चोरून का न्हेलं?" दारातून सारजाबाईंनी शेवटचं विचारलं. "माज्याकडं का न्हाई ठिवलं?"

नरहरी दमला होता. दमलेला माणूस खरं बोलतो.

"तुमच्याकडे मटण होतं म्हणून."

सारजाबाईंनी पदर खोचला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आरं येड्या, आमचा खंडोबा बोकडाबिगर ताटाला शिवत न्हाई! तुज्या खंडोबाला आज पैल्यांदा चार घास चांगलं मिळालं आसतं!"

आणि त्या बाहेर जाऊन दारात स्टूल टाकून, हातात उलथनं घेऊन पहाऱ्याला बसल्या. परीक्षा संपेपर्यंत त्या अंगणात कोंबडी फिरकली नाही. पातेल्यावरचं झाकणसुद्धा त्यांनी वाजू दिलं नाही.

नरहरी पास झाला! चांगला वरच्या श्रेणीत. शारदाने पौडहून देव आणले, अण्णासाहेब आणले, भिंतींवरचे फिकट चौकोन भरून निघाले. मावशींचा रुसवा मात्र लगेच निघाला नाही. शारदाने दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक करून ताट वर नेलं, तेव्हा कुठे तो निघाला. तेही "पुरनात जायफळ कमी पडलंय" असं ऐकवून.

आठवड्याने मृण्मयीचा व्हिडिओ कॉल आला.

"सर, अभिनंदन! प्रमाणपत्र आलं थेट आमच्याकडे. तुमचं लॉगिन सुरू राहील. फोटो काय सुंदर आलाय तुमचा!"

"दाखवा," नरहरी ऐटीत म्हणाला.

तिने पडद्यावर धरलं. सोनेरी किनार, लाल मोहोर. ठळक अक्षरांत, नरहरी कंधारकर, प्रमाणित. आणि शेजारी काळी टोपी, मिटलेले ओठ आणि समोरच्याचा गृहपाठ झालेला नाही हे आधीच ठाऊक असलेली नजर.

टेबलाखाली वायर चाचपडताना झालेला तो क्लिक् आत्ता नरहरीच्या कानात पुन्हा वाजला.

"सर, एकच शंका," मृण्मयी म्हणाली. "हा हार कसला?"

नरहरीने भिंतीवरच्या हाराकडे पाहिलं. "सत्कार झाला ना. गल्लीत."

"हो का! किती गोड! फोटोत तुम्ही जास्त अनुभवी वाटता, सर."

कॉल संपला आणि नरहरी पेटला. अर्ज केला त्याने संस्थेकडे, फोटो चुकीचा आहे, बदलून द्या म्हणून! त्यांचं उत्तर आलं. फोटो बदलायचा तर फोटोतल्या व्यक्तीने ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर समक्ष हजर राहावं.

"समक्ष!" नरहरी खोलीभर फिरत ओरडला. "कुठून आणू त्यांना? ज्या माणसाने जन्मभर या कामाला पेशा म्हटलं नाही, तो प्रमाणित! माझ्या परीक्षेवर! अभ्यास मी केला, शिव्या मी खाल्ल्या, आणि श्रुतलेखनात पास झाले अण्णासाहेब!"

"झाले ना पास?" शारदा शेंगा सोलत म्हणाली. "मग आता त्यांना काही बोलायची सोय उरली नाही. असू द्या तसंच."

"असू द्या? अगं, दर तीन वर्षांनी नूतनीकरण आहे त्याचं! पुन्हा चेहरा जुळवणार ते! याच फोटोशी!"

शारदाने शेंग फोडून नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"मग काय झालं? तीन वर्षांत होताल की तस्सेच."

नरहरीने संतापाने चष्मा काढला आणि तोंड धुवायला न्हाणीघरात गेला. तोंडावर पाणी मारलं, मान वर केली. आरशात अण्णासाहेब ओठ मिटून, ताठ मानेने, रागावून बघत होते.

पुढच्या बाजाराला तो पौडला गेला आणि एक काळी टोपी घेऊन आला. मापाची.